कोर

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरनं कागद दिला,
वर कानडी, खाली इंग्रजी.
"आठ तारखेला फोटोखाली छापायचंय, तीन-तीन ओळी भरा,"
म्हणाला, आणि चहाला गेला.

कानडी वाचणारी आमच्यात भरमाक्का एकटीच.
तिनं हात पदराला पुसले, तरी कागदावर
काळ्या वाळूचा अंगठा उमटलाच.
"स्फूर्ती," तिनं वाचलं. "आदर्श."
तिसऱ्या शब्दाला थांबली. "सवालु."
"सवाल तर तिन्ही हायती की," जैतुन म्हणाली.
"तसं न्हवं गं. कानडीत सवालु म्हंजे आव्हान."
मग कुणी बोलेना.
भट्टीतल्या जळक्या तेलाचा वास
डब्यांत उतरत होता, रोजच्यासारखा.

मी उद्यमबागेत पहिल्यांदा आलो तेव्हा
(आमच्याकडं बायकाही 'आलो' म्हणतात,
पुण्याची जाऊ हसते, हसू दे)
मला वाटलेलं, लोखंड ओतायला लावतील.
हातात दिली वाळू,
तेल कालवलेली, ओल्या रव्यासारखी.
"कोर मोडू नको," भारता म्हणाली,
आणि मला आठवली भाकरी.
पेटीत दाबायची, ठोकायची, उलटी करायची.
"श्वास धर. निजलेल्या लेकराखालचा
हात काढतीस न्हवं, तशी पेटी उचल."
पंपाच्या पोटात पाणी फिरतं
ती पोकळी आम्ही करतो, वाळूची.
लोखंड तिच्याभोवती थिजतं,
मग हातोड्यानं झाडून टाकतात आम्हाला.
पंप गावोगाव जातो.
त्यात आमचा एक कण राहिला
तर माल परत येतो.

जैतुननं नाव घेतलं
तिसऱ्या गेटाजवळच्या केळीवालीचं.
उपाशी दिवसांत तिनं डझनभर उधार दिली,
आणि पगारादिवशी दारात येऊन
पै न पै मोजून घेतली.
"फुकट दिली असती तर
मी तिला तोंड दाखवलो नसतो."

फिलोमिना देसूरची. म्हणाली, "माझी सायकल."
आम्ही हसलो.
"हसा. भावासाठी घेतलेली,
तो गोव्याला गेला, ही ऱ्हायली.
चेन पडली की मीच बसवतो."

भरमाक्का कागदाशी बोलल्यासारखं म्हणाली, "माझी सून.
माझं पासबुक सासऱ्याच्या कपाटातनं काढून
माझ्या मांडीवर ठेवली, सगळ्यांदेखत.
म्हणाली, अत्ती, सही तुमची हाय."
एवढं बोलून तिनं डबा झाकला.
त्यात भात तसाच होता.

तिसरी ओळ भारताची असायला हवी होती.
बावीस वर्षं वाळू दाबून
तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्यात.
गेटावरची मशीन तिला ओळखत नाही,
रोज 'परत ठेवा' म्हणते, तांबडा दिवा लावून.
रेशनच्या दुकानातही तेच.
तिला विचारलं तर म्हणाली,
"माझी काय अडचण? मशीनची हाय ती."
आणि लोणचं मागितलं.

मी? माझ्या तिन्ही ओळी कोऱ्या.
लिहायचं होतं खरं छापण्यासारखं नव्हतं:
घरात मला सगळे 'ऐकलंस काय' म्हणतात.
इथं सकाळी हजेरीला कुणीतरी
माझं अख्खं नाव उच्चारतं,
यळ्ळूरच्या माहेरच्या आडनावासकट,
कारण कागद तेव्हाचे आहेत.
त्या एका हाकेसाठी मी
पावणेसातची बस धरतो.

भोंगा झाला.
जैतुनच्या फडक्यात भाकरीची एक कोर उरलेली,
कुणी घ्यावी म्हणून सगळ्या थांबलेल्या.
भारतानं ती दोन बोटांनी उचलली
आणि माझ्या तळव्यावर ठेवली,
श्वास धरून.